तिरळेपणाची शस्त्रक्रिया : यश कशाला म्हणायचे?

(गणेशोत्सवात मंडळाच्या मंडपात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि रुळांच्या देखभालीतच नोकरी चालली आहे. आज बोलतो आहे तो एक बाप म्हणून.

आमची मुलगी तीन वर्षांची असताना दमली की तिचा डावा डोळा कानाच्या बाजूला सरकायचा. उन्हात ती तो डोळा मिटूनच घ्यायची. घरचे म्हणाले, तिरळेपणा शुभ असतो, वयाबरोबर जाईल. मीही ऐकले आणि चार वर्षे घालवली. ही चूक माझी. 2015 साली बिलासपूरहून नागपूरला नेले, तेव्हा कळले की वर पाहताना दोन्ही डोळे इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे अधिकच फाकतात. म्हणजे केस गुंतागुंतीची होती.

या शस्त्रक्रियेत बुबुळाला हात लावत नाहीत. डोळा बाहेर ओढणारा स्नायू सोडवून काही मिलिमीटर मागे शिवतात किंवा आत ओढणारा आखूड करतात. ‘व्ही’साठी तिरक्या स्नायूचा जोर कमी करतात. ऑपरेशननंतर डोळा सरळ दिसला. आम्ही पेढे वाटले.

दोन वर्षांनी डोळा पुन्हा सरकू लागला. मी डॉक्टरांवर चिडलो. ते शांतपणे म्हणाले, “स्नायूची जागा आम्ही बदलतो. दोन्ही डोळे एकत्र वापरायची मेंदूची सवय आम्हाला शिवता येत नाही.” मी गप्प झालो. पॅकिंग केलेला ट्रॅक गाड्यांखाली पुन्हा बसतो, हे मला कोणी सांगायला नको होते.

नंतर वाचनात आले, अमेरिकेत अधूनमधून डोळा बाहेर जाणाऱ्या 197 मुलांचा अभ्यास झाला आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत समाधानकारक निकाल न मिळण्याचे प्रमाण एका पद्धतीत 46 टक्के, तर दुसरीत 37 टक्के होते. तो तर साधा प्रकार. गुंतागुंतीच्या केसमध्ये हमी कोण देणार? डॉक्टरही सरळ रेषेपासून 10 प्रिझम डायॉप्टर, म्हणजे सुमारे पावणेसहा अंशांच्या आत डोळा आला की सहसा यश मानतात. आपल्याकडे ट्रॅकला टॉलरन्स असतो, तसेच हे.

2018 मध्ये दुसरी शस्त्रक्रिया झाली. आजही फार दमली तर डोळा किंचित हलतो. पण वर्गात मान खाली घालून बसणारी ती मुलगी काल इथे आरतीचे तबक घेऊन सर्वांसमोर उभी होती. माझ्या लेखी हेच यश.

तेव्हा कोणाच्या घरी असे मूल असेल, तर थांबू नका. चष्मा लागतो का, डोळा आळशी झाला आहे का, हे आधी तपासून घ्या. डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारा, “पुन्हा सरकला तर पुढे काय?” आणि डोळा सरळ दिसला तरी तपासणी चुकवू नका.

गणपती बाप्पा मोरया!