अंगणातली वेल



उमरखेड तालुक्यातल्या ढाणकीसारख्या गावी वैशाखातली दुपार कशी असते, हे तुम्हांला सांगायला नको. पारा ४० अंशांच्या वर जातो. पश्चिमेची भिंत दुपारभर ऊन पिते आणि रात्री तीच धग घरात सोडते. लहान लेकरांना झोप लागत नाही. त्या भिंतीवर ऊन पडूच दिले नाही तर? हे काम अंगणातली वेल करते.

पण ती लावायची केव्हा? आपण मृगात बी टोचतो. ती वेल भाद्रपदात मांडव भरते आणि दिवाळीनंतर वाळत जाते. ऊन तापते तेव्हा मांडव रिकामा! म्हणून उन्हाळ्याच्या सावलीसाठी दोडका, कारले किंवा दुधीचे बी जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत लावा. एका कोपऱ्यात मधुमालतीही असू द्या. ती वर्षानुवर्षे टिकते. गुळवेल औषधी खरी, पण उन्हाळ्याच्या तोंडावर तिची पाने झडतात. सावलीसाठी तिच्यावर विसंबू नका.

हातभर खड्डा करून त्यात कुजलेले शेणखत आणि माती भरा. दोन-तीन बिया इंचभर खोल टोचा. मांडव भिंतीपासून दोन हात लांब ठेवा. मधून वारा खेळला पाहिजे आणि भिंतीला ओल लागता कामा नये. भांडी विसळलेले पाणी आळ्यात वळवा. साबण-सोड्याचे मात्र नको. आळ्यावर कुटार पसरा, म्हणजे ओल टिकेल. पाणी थोडे असेल तर चार वेली लावून चारही सुकवण्यापेक्षा दोनच जगवा.

आता वेल चढते कशी, ते पाहा. वाल स्वतःच काठीभोवती पीळ घेतो. त्याला उभी काठी द्या. दोडका, कारले तणाव्यांनी धरतात. तणाव्याला जाड खांब कवळता येत नाही. त्याला पऱ्हाटीच्या फांद्या, तुराट्या किंवा सुतळी द्या.

गुरुजी, शाळेच्या आवारात अशी एक वेल म्हणजे चालता-बोलता धडाच. चार्ल्स डार्विनने वेलींच्या हालचाली न्याहाळून १८६५ साली त्यावर मोठा निबंध लिहिला. तुमची मुलेही कोवळ्या तणाव्याला काडी लावून तो वळतो कसा, हे पाहू शकतील. दुधीच्या ज्या फुलामागे इवले फळ असते ते मादीफूल. नुसत्या देठावरचे ते नरफूल. दुधीची फुले संध्याकाळी उमलतात. तेव्हा नरफूल मादीफुलावर हलकेच फिरवा. फळ धरण्याची शक्यता वाढते.

फळमाशी कोवळ्या फळात अंडी घालते. असे किडके फळ उकिरड्यावर टाकू नका. खोल पुरून टाका. मांडवाखाली पाचोळा साचू देऊ नका, विंचवाला आसरा होतो.

तेव्हा मंडळी, संक्रांत झाली की पश्चिमेच्या भिंतीकडे एकदा पाहा आणि खड्डा खणायला घ्या. वैशाखात त्याच मांडवाखाली बाज टाकता येईल, आणि वर हात केला की भाजी मिळेल.