रामेश्वर, पण मजेसाठी

(1998 च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात, दिवाळीच्या सुट्टीत रोहण्याला केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला आयोजकांनी सांगितलं होतं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर ए.आय.वर बोल." मी हो म्हटलं. पण काल संध्याकाळी गावात आल्यापासून मला सहा जणींनी एकच प्रश्न विचारला, आणि तो ए.आय.चा नव्हता. प्रश्न होता, "काय वं, आपल्या ट्रिपचं काय झालं?" त्यामुळे मी त्याच्यावरच बोलणार आहे. मुलग्यांनी तेवढा वेळ चहा घ्यायला हरकत नाही, पण बसलात तर बरं. तुमच्याही घरच्या गोष्टी यात आहेत.

आपल्या भूगोलाच्या बाई समोर बसल्या आहेत. बाई, तुम्ही आम्हाला रिकाम्या जागा भरायला द्यायच्या. भारत आणि श्रीलंका यांच्या दरम्यान डॅश डॅश ही सामुद्रधुनी आहे. आम्ही सगळ्यांनी 'पाल्क' लिहिलं आणि एकेक मार्क घेतला. लिहिणाऱ्यांपैकी एकीनेही तोवर समुद्र पाहिला नव्हता. आमचं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पुरात आलेली वर्धा नदी.

नववीत शाळेची सहल निघाली होती, अजिंठा-वेरूळ. वर्गातल्या मुलींपैकी तिघी गेल्या. बाकीच्यांना घरून एकच वाक्य मिळालं, आणि ते सगळ्या घरांत शब्दशः सारखं होतं: "लग्न झाल्यावर फिर नवऱ्यासोबत, किती फिरायचं ते." मलाही तेच मिळालं. लग्न झाल्यावर दुसरं वाक्य आलं, "पोरं मोठी होऊ दे." आता आपण त्रेचाळीस वर्षांच्या आहोत, पोरं मोठी झाली, तर काही जणींना तिसरं वाक्य ऐकू यायला लागलं आहे, "सून आली का मोकळीच हायस तू." म्हणजे आपल्या सहलीची परवानगी आधी नवऱ्याच्या ताब्यात होती, मग पोरांच्या, आणि आता जी मुलगी अजून आपल्या घरात आलीच नाही तिच्या ताब्यात गेली आहे.

दोन वर्षांपूर्वी मुलींचा वेगळा ग्रुप झाला तेव्हा ठरलं, समुद्र बघायचा, आणि नुसता किनारा नाही, चारी बाजूंनी पाणी असलेलं गाव बघायचं. बेट. जानेवारीत आपल्याकडे शेकोटी पेटते तेव्हा तिथे ऊन असावं, एवढीच अट. मी लगेच एक्सेल उघडलं. माझा धंदाच तो आहे. अकरा नावं, अकरा ओळी.

पहिला पर्याय अंदमान. सेल्युलर जेल बघायची सगळ्यांचीच इच्छा, सावरकरांमुळे पोर्ट ब्लेअर हे नाव आपल्या घराघरात माहीत. आता त्याचं नाव श्री विजय पुरम झालं आहे. पण विमानाचा आकडा टाकला आणि ग्रुपवर दोन दिवस कोणी काही लिहिलं नाही. शांततेचा अर्थ मला कळला.

दुसरा पर्याय दीव. छोटंसं बेट, किल्ला, स्वच्छ किनारा, परवडणारं. इथे मी एक गोष्ट विसरले. वर्धा जिल्ह्यात पन्नास वर्षांपासून दारूबंदी आहे आणि दीवची ख्याती वेगळ्याच कारणासाठी आहे. एकीच्या नवऱ्याने विचारलं, "दीवला? काहून? तिथं काय भेटते ते मले माहीत हाय." त्याला कसं माहीत, हे त्या घरात कोणी विचारलं नाही. दीव बाद झालं.

मग आपल्यातली एक, तिचं नाव घेत नाही, दुसऱ्या बाकावर खिडकीशी बसायची ती, म्हणाली, "अवं, रामेश्वर म्हण नं. देवाचं नाव घेतलं का कोणी नाही म्हनत नाही."

आणि खरंच कोणी नाही म्हटलं नाही. आठ दिवसांत सात घरांतून होकार आले.

रामेश्वर म्हणजे पाम्बन बेटावरचं गाव आहे, हे माझ्या डोक्यात तोपर्यंत आलंच नव्हतं. चार धामांतलं एक, बारा ज्योतिर्लिंगांतलं एक, एवढंच डोक्यात. नकाशा मोठा करून पाहिला आणि मीच उडाले. उत्तरेला आपली रिकामी जागा, पाल्कची सामुद्रधुनी. दक्षिणेला मन्नारचं आखात. मध्ये रेल्वे समुद्रावरून जाते. जुना पूल 1914 चा, जहाज आलं की मधला भाग माणसं हातांनी दांडे फिरवून वर उचलायची. तो 2022 च्या डिसेंबरमध्ये थांबवला, आणि शेजारी नवा पूल बांधून 6 एप्रिल 2025 ला, रामनवमीच्या दिवशी सुरू केला. दोन किलोमीटरहून लांब. त्याचा साडेबहात्तर मीटरचा एक तुकडा आडवाच्या आडवा, लिफ्टसारखा सरळ वर जातो, सतरा मीटर. मी इंजिनिअर आहे, मला हे देवदर्शनाइतकंच बघायचं आहे, सरांनी माफ करावं.

रोहण्याच्या माणसाला रेल्वेचं वेड असतंच. आपली पुलगाव-आर्वी शकुंतला गावातून जायची, तिच्यापुढे बैलगाडी निघून गेल्याच्या गोष्टी आपण ऐकल्या आहेत. ती बंद पडली. तिकडे रामेश्वरच्या पुढे धनुष्कोडीपर्यंतही अशीच गाडी होती. चेन्नईहून निघालेला माणूस धनुष्कोडीला उतरून बोटीने श्रीलंकेत जायचा. 1964 च्या डिसेंबरात, 22 आणि 23 तारखेच्या मधल्या रात्री वादळ आलं, धनुष्कोडीला पोचत आलेली अख्खी पॅसेंजर गाडी माणसांसकट समुद्रात गेली आणि गाव संपलं. पाम्बनचा पूलही मोडला. तो दुरुस्त करायला ई. श्रीधरन नावाच्या तरुण इंजिनिअरला पाठवलं. त्यांनी समुद्राच्या तळाशी पडलेले गर्डर शोधून वर काढले आणि 46 दिवसांत पूल उभा केला. पुढे कोकण रेल्वे आणि दिल्ली मेट्रोवाले म्हणून आपण त्यांना ओळखतो. माझ्या प्रोजेक्टमध्ये 46 दिवसांत नुसती मीटिंगची तारीख ठरते.

आणि अब्दुल कलाम तिथलेच. 'अग्निपंख' आपल्यातल्या बऱ्याच जणांनी वाचलं आहे. लहानपणी धावत्या गाडीतून फेकलेले वर्तमानपत्रांचे गठ्ठे ते गोळा करायचे, ती हीच लाइन. त्यांचं घर बघता येतं, आणि गावाबाहेर त्यांचं स्मारक आहे.

आता तारीख. पुण्या-मुंबईच्या मैत्रिणी म्हणाल्या, डिसेंबर, नाताळची सुट्टी. मी लिहून टाकलं. गावातल्या मैत्रिणी काहीच बोलल्या नाहीत, मग एकीने हळूच फोन केला, "अवं, तवा कापूस वेचनं असते. तूर बी उभी असते." मला लाज वाटली. माझ्या बापाच्या घरी पण कापूस होता, पंचवीस वर्षांत मी विसरले. तिकडेही ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस आणि वादळांचाच काळ, म्हणजे तिच्यामुळे आपण वाचलो. जानेवारीत संक्रांत, रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू. फेब्रुवारीत बोर्डाच्या परीक्षा, महाशिवरात्र, त्यात हरभरा काढायला येतो. सगळ्यांच्या ओळींवर रंग भरल्यावर एकच पांढरी फट उरली: 29 जानेवारी 2026, गुरुवार, ते पुढचा बुधवार.

गुरुवारी रात्री सेवाग्रामहून गाडी, शुक्रवारी चेन्नई, संध्याकाळी दुसरी गाडी, शनिवारी सकाळी पाम्बनच्या पुलावर. शनिवार, रविवार, सोमवार बेटावर, सोमवारी संध्याकाळी परत. मी म्हटलं, जवळजवळ अर्धी सहल गाडीतच जाईल, विमानाने जाऊन लवकर पोचू. तर उत्तर आलं, "तुले पोचाची घाई हाय. आमाले निघाची हाय. गाडीत बसलो का सहल सुरू."

एसीचं तिकीट काढू, वरचे पैसे मी भरते, असंही मी म्हणून बसले. चांगल्या मनाने म्हटलं होतं. पण पलीकडून फोनवर थोडा वेळ काही आलं नाही, मग: "तुह्या पैशानं आलो तं मंग घरी काय सांगू, कोनाच्या जिवावर गेल्ती?" यंदा सोयाबीनचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, तरी तिने हिशोब करून ठेवला होता. स्लीपर, खोलीत चौघी, जेवण, फिरणं, सगळं धरून माझा अंदाज सात हजार. लाडक्या बहिणीचे पाच हप्ते साडेसात हजार. "मागचे पाच मी हातच नाही लावले," ती म्हणाली. म्हणून आपण सगळ्या स्लीपरने जात आहोत, पुण्याच्याही.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. आणि मग खोटं अंगावर आलं.

त्याच, दुसऱ्या बाकावरच्या मैत्रिणीच्या सासूबाईंनी काशी केली आहे, अकरा वर्षांपूर्वी. तेव्हा आणलेला गंगेचा गडू देवघरात तसाच सीलबंद आहे, कारण ते पाणी रामेश्वराला घालायचं राहिलं. एकनाथांनी कावडीतलं पाणी तहानेल्या गाढवाला पाजलं, ही गोष्ट आपण शाळेत ऐकली. पण ज्यांच्या वाटेत गाढवही आलं नाही आणि रामेश्वरही आलं नाही, अशा गडव्या आपल्याकडच्या किती देवघरांत असतील! सून रामेश्वरला चालली हे ऐकून त्यांनी गडू घासून पुसून ठेवला, दोन नऊवारी काढल्या आणि म्हणाल्या, "मी बी येतो."

मैत्रिणीचा रात्री साडेअकराला मला फोन. रडत होती. "बेचाळीस वर्षांत पैले सात दिवस माहे होते. तिथं बी मी सासूचा हात धरून बावीस कुंडं फिरू? आन नाही म्हनू तरी कशी, देवाचं नाव मीच घेतलं नं." रामेश्वरच्या देवळात बावीस तीर्थं आहेत, विहिरीच म्हणा, प्रत्येक ठिकाणी बादलीने डोक्यावर पाणी ओततात. ओल्या लुगड्यानिशी सगळं फिरायचं आणि कोरडं नेसून मग दर्शन. म्हातारं माणूस सोबत असलं की त्यात अर्धा दिवस जाणार, हे खरं.

मी नेहमीप्रमाणे मार्ग सुचवायला लागले. सांग, तिकिटं संपली. सांग, वयाची अट आहे. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की एका खोट्यावर मी दुसरं चढवत आहे, आणि नववीतल्या त्या मुलींसारख्याच आपण अजून कारणं शोधत आहोत. देवाला जायचं तर परवानगी, आजारी बहिणीकडे जायचं तर परवानगी. मजेला जायचं, मैत्रिणींबरोबर हसायला जायचं, हे कारणच आपण तोंडातून काढत नाही. मी स्वतः ऑफिसात रजेच्या अर्जावर 'कुटुंबातील धार्मिक कार्य' लिहून ठेवलं होतं. नोकरी करणारी, पगार मिळवणारी मी! दुसऱ्या दिवशी तो अर्ज बदलला. कारण: मैत्रिणींबरोबर सहल. मंजूर झाला, कोणी विचारलंही नाही.

तिचं तितकं सोपं नव्हतं. तिने चार दिवस घेतले. मग एका दुपारी, तूर निसताना, सासूला सांगितलं. "आत्याबाई, म्या खोटं बोलली. आमी देवाले नाही चाल्लो, मजेले चाल्लो. समुद्र पाहाले. वर्गातल्या पोरी." सासूबाई काही वेळ सूप पाखडत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग मले सांगाले काय झालं होतं? मी काय समुद्र पाह्यला हाय?"

त्या येत आहेत. त्यांनी अट घातली आहे की त्यांचा हात कोणी धरायचा नाही, त्या एका मैत्रिणीने तर नाहीच. बाकीच्या सहा जणी पाळी लावतील. बावीस कुंडांना आम्ही शनिवारी सकाळी त्यांच्याबरोबर जाणार, गडू तिथे रिकामा होणार, आणि रविवार पूर्ण धनुष्कोडीचा. तिथे आता शेवटपर्यंत रस्ता आहे, एका बाजूला शांत पाणी, दुसऱ्या बाजूला खवळलेलं. त्या टोकाला पाण्यात उतरायचं नाही, हे मी आत्ताच माइकवर सांगून ठेवते. डुंबायचं ते अग्नितीर्थाला, तिथे लाटा नसतात. एकीलाही पोहता येत नाही.

तर आता सात मैत्रिणी आणि एक आत्याबाई, आठ. स्लीपरच्या एका कप्प्यात आठच बर्थ. पंचेचाळीसच्या वरच्या बाईला रेल्वे शक्य तो खालचा बर्थ देते, आपण अजून दोन वर्षांनी कमी आहोत, त्यामुळे खालचा फक्त आत्याबाईंना. चिवडा, ठेचा आणि तिळाच्या पोळ्या कोणी आणायच्या ते ठरलं आहे. पत्ते मी आणते.

अकरांपैकी चार ओळी माझ्या शीटमध्ये अजून पिवळ्या आहेत. त्या चौघी इथे आहेत, मला दिसत आहेत. तुमच्या घरी काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, मी कोणाला शिकवत नाही. फक्त माझं नाव घेऊन 'देवाला चाललो' सांगू नका, घरून फोन आला तर मी खरं सांगणार आहे. आणि मुलग्यांनो, तुम्ही सोमवारी पचमढी ठरवली आणि शुक्रवारी निघालात, तेव्हा कोणाला काय कारण सांगितलं होतं ते जेवताना सांगा.

बाई, पलीकडच्या कप्प्यात जागा होऊ शकते. तुम्हीही पाल्क पाहिली नाही, हे मला काल कळलं.

रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. 30 नोव्हेंबरला, रविवारी सकाळी आठ वाजता मी लॅपटॉप उघडून बसणार आहे. त्याच्या आत नाव, वय आणि आधार क्रमांक ग्रुपवर नको, मला वेगळा पाठवा.