गळा थकतो तेव्हा

17 मे 2025 रोजी मुंबईत, महालक्ष्मी रेसकोर्सवर ‘गन्स अँड रोझेस’ या अमेरिकन रॉक बँडचा कार्यक्रम झाला. आमच्या राजगुरुनगरातूनही काही मंडळी चाकणच्या कारखान्यातली पाळी बदलून घेऊन गेली होती. ही सगळी 1987 सालच्या ‘अ‍ॅपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’च्या कॅसेटवर वाढलेली. परतली ती दोन तट पाडूनच.

एक म्हणाला, पैसे पाण्यात गेले. गायक अ‍ॅक्सल रोझ तेव्हा 63 वर्षांचा होता. कॅसेटवरची ती वरच्या पट्टीतली आरोळी आता येत नाही, आवाज पातळ होतो, ही त्याची तक्रार. दुसरा म्हणाला, स्लॅशची गिटार समोर ऐकली, डोळ्यांचं पारणं फिटलं! (कानांचं म्हणायला हवं, पण असो.) त्याचंही खरंच. डिसेंबर 2012 मध्ये हा बँड भारतात आला, तेव्हा स्लॅश त्यात नव्हता. तो 2016 साली परतला. गिटारीच्या तारा बदलता येतात, गळ्याच्या नाही.

पहिल्याचा राग मला समजतो, पटत नाही. हुबेहूब कॅसेटच ऐकायची, तर ती घरी होतीच. शेजारच्या नारायणगावच्या तमाशाचे रसिक यात जास्त जाणते. तिथे मुख्य गाणाऱ्याचा सूर झीलकरी उचलून धरतात, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. महालक्ष्मीला झीलकऱ्यांचं काम गर्दीनं केलं.

त्या नाराज गड्याचा घसा पुढे चार दिवस बसलेला होता.