नैराश्य आणि घरची माणसे
(मंडळाच्या मीरा-भाईंदर येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आरोग्याविषयी चार शब्द बोलावे, अशी चिटणिसांची आज्ञा झाली. मधुमेह व रक्तदाब यांवर येथे पूर्वी पुष्कळ बोलून झाले आहे. म्हणून ज्या दुखण्याचे नाव आपण घरातही दबक्या आवाजात घेतो, त्याविषयी बोलण्याचे मी योजिले. ते दुखणे म्हणजे नैराश्य. ते मला झाले होते, आणि त्यावरील गोळी मी आजही रोज घेते.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत असे आढळले की, सुमारे वीस प्रौढांमागे एकास आयुष्यात कधी ना कधी हा विकार होतो. सभागृहात आज तीनशे माणसे असतील, तर गणित आपणच करावे.

नैराश्य म्हणजे चार दिवसांची उदासी नव्हे. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडते, अन्नाची चव जाते, आवडीचे काम नकोसे होते. तेव्हा वैद्यास दाखवावे. पहाटे चारला जाग येई आणि वेणी घालण्यासही हात उचलत नसे, अशी माझी अवस्था होती. गर्दीच्या गाडीत चढणे तर दूरच.

हे घरी सांगावयाचे कसे? आपल्याकडे ‘याला ठाण्याला पाठवा’ ही थट्टा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तेथील मनोरुग्णालय 1901 सालचे. त्याच ठाण्यात 1990 साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी मानसिक आरोग्यासाठी संस्था उभारली, हे थट्टा करणाऱ्यास बहुधा ठाऊक नसते.

यजमानांस मी प्रथम सांगितले. खरी धास्ती होती ती सासूबाईंची. त्या गवार मोडीत बसल्या होत्या. मी आजाराचे नाव सांगितले, गोळीची पट्टी दाखविली. ‘म्हणजे डोक्याची गोळी?’ त्यांनी विचारले. मी ‘हो’ म्हटले. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘सकाळी गुंगी राहत असेल, तर पाणी मी भरीन.’ आमच्या इमारतीस पाणी पहाटेच येते. नैराश्य म्हणजे काय, हे त्यांस त्या दिवशी कळले असे मी म्हणणार नाही. पण काय करावयाचे ते कळले.

या औषधाचा गुण येण्यास साधारणतः दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ, गुंगी असा त्रास मात्र पहिल्याच दिवसांत होऊ शकतो. गुण दूर आणि त्रास जवळ, अशा वेळी रोगी एकटा असेल तर गोळी सोडून देतो. नशेच्या पदार्थाप्रमाणे हिची चटक लागत नाही. तथापि आपल्या मनाने ती एकाएकी बंद करू नये, बरे वाटल्यावरही वैद्य सांगतील तितके महिने घ्यावी. आजार लपविला, तर हे सारे कोणाच्या आधाराने करावयाचे?

सर्वांनीच समजून घेतले असे नाही. एका आप्तांनी मला ‘ऊठ, मन घट्ट कर’ असे बजाविले. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु गीता वाचणाऱ्यांनी आठवून पाहावे. अर्जुनाचा विषाद हा रोग होता असे मी म्हणत नाही. पण दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी प्रत्यक्ष भगवंतांनी त्यास ‘ऊठ’ म्हटले, तेवढ्याने तो उठला नाही. उलट ‘मी लढणार नाही’ म्हणून गप्प बसला. पुढे केवढे बोलणे झाले, तेव्हा त्याने धनुष्य धरले. आपल्या एका वाक्याने सून किंवा मुलगा खडखडीत व्हावा, ही अपेक्षा मग जरा मोठीच नव्हे काय?

आमच्या आजोळी क्षयाचे नाव असेच कोणी घेत नसे. ‘शिवडीला ठेवले आहे’ असे म्हटले की घरातील मुलींची स्थळे मोडत. औषधे निघाली, रोगी बरे होऊ लागले, तशी ती लाज ओसरू लागली. योगायोग असा की, 1952 साली न्यूयॉर्कच्या स्टॅटन बेटावरील रुग्णालयात इप्रोनियाझिड नावाचे क्षयाचे औषध देताना रोग्यांच्या चित्तवृत्ती उल्हसित झालेल्या दिसल्या, आणि नैराश्यावरील पहिल्या औषधांपैकी एक त्यातून हाती आले.

स्थळांचा विषय निघालाच आहे. माझ्या कन्येचे टिपण यंदाच्या वधू-वर यादीत आहे. ‘तिचे लग्न होईपर्यंत गप्प राहा,’ असा सल्ला मला मायेच्या माणसांनीच दिला. मी कन्येस विचारले. ती म्हणाली, ‘आई, लग्नानंतर कळून जे तोंड फिरवतील, ते आधीच कळलेले बरे.’ तिच्या अनुमतीनेच मी आज बोलत आहे. यादी पाहून चौकशीस येणाऱ्यांनी मला हवे ते विचारावे.

ज्यांस घरी बोलण्याचे धैर्य होत नाही, त्यांच्यासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 पासून ‘टेलिमानस’ ही विनामूल्य दूरध्वनिसेवा चालविली आहे. क्रमांक 14416, अहोरात्र, मराठीतही बोलता येते. सभा आटोपल्यावर मी मागील खोलीत थांबणार आहे. सासूबाईही आल्या आहेत. ज्या सुनांना आपल्या सासूबाईंस घेऊन यावयाचे असेल, त्यांनी अवश्य घेऊन यावे.