कान, डोळे आणि चित्रपट

चित्रपट पाहून आलेल्या माणसाला आपण पहिल्यांदा विचारतो, ‘गोष्ट काय आहे?’ त्याने गोष्ट सांगितली की विषय संपतो. पण तीच गोष्ट दुसऱ्या कुणी दाखवली असती तर वेगळा चित्रपट झाला असता. म्हणून आज मी गोष्ट बाजूला ठेवून कान आणि डोळे कसे लावायचे, एवढंच सांगणार आहे.

मी सोयगावात शिक्षिका आहे. दिवाळीच्या सुटीआधीचा शनिवार, सकाळची शाळा. सहामाहीचे पेपर तपासून झाले होते आणि घरची मंडळी खरेदीसाठी जळगावला मुक्कामी गेली होती. रविवार संध्याकाळपर्यंत घरात मी एकटीच. अशा वेळी घरीच चित्रपट लावला की प्रसंग हवा तिथे थांबवता येतो, मागे नेऊन पुन्हा बघता येतो. चित्रपट शिकायचा तर ही मुभा फार मोलाची.

पहिला लावला तो प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’. साल १९३६, दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल. सुरुवातीलाच तुकारामांच्या भूमिकेतले विष्णुपंत पागनीस विठ्ठलासमोर बसून गातात. संथ, सरळ, समोर कुणी ऐकतंय याचं भानही नसल्यासारखं. मग तीच रचना त्यांचा प्रतिस्पर्धी सालोमालो आपली म्हणून गातो, तर ताना, हरकती आणि श्रोत्यांकडे टाकलेले कटाक्ष! शब्द तेच आहेत. हा भक्त आणि हा ढोंगी, असं कुणीही सांगत नाही. आपल्या कानांनाच ते कळतं. हे दोन तुकडे डोळे मिटून लागोपाठ ऐका. पार्श्वसंगीत आणि गाणी ही चित्रपटाची सजावट नसून त्याचं बोलणं असतं, हे तिथे उमगतं. त्यातले चमत्कार मला आज तेवढे भिडत नाहीत. घरात दाणा नाही म्हणून थेट विठोबालाच फैलावर घेणारी तुकारामांची बायको, गौरीबाईंनी साकारलेली जिजाई, मात्र खरीखुरी वाटते.

दुसरा नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’, २०१३ सालचा. शेवटाकडे जब्या या शाळकरी मुलाच्या घरची माणसं गावासमोर डुकरं पकडत असतात. डुक्कर हाताशी येतं आणि तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या ताठ उभा राहतो, घरचेही थांबतात आणि डुक्कर निघून जातं. रोज परिपाठाला मुलांसमोर उभी राहणारी मी, हा प्रसंग बघून बराच वेळ पुढे गेले नाही. नंतरचा तुकडा आवाज बंद करून बघा: पकडलेलं डुक्कर काठीला बांधून नेतात, तेव्हा मागच्या भिंतीवर डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई यांची चित्रं आहेत. संवाद नाही, भाष्य नाही. पुढे काय आणि मागे काय ठेवलं, एवढ्यावर दिग्दर्शकाने सगळं सांगितलं आहे. यालाच चौकटीची रचना म्हणतात. कॅमेऱ्यात काय घ्यायचं, किती जवळून घ्यायचं आणि काय बाहेर ठेवायचं, हा प्रत्येक वेळचा निर्णय असतो. जब्याचा शेवटचा दगड सरळ आपल्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. तो कॅमेऱ्याकडेच का भिरकावला, हे घरात एकमेकांना विचारा. उत्तरं वेगळी आली तर फार चांगलं.

आपल्या सोयगाव तालुक्याला ही दृष्टी कमवायला दूर जावं लागत नाही. अजिंठ्याची लेणी आपल्याच तालुक्यात आहेत. सतराव्या लेण्यात विश्वंतर जातक, म्हणजे बुद्धांच्या पूर्वजन्माची एक कथा, रंगवलं आहे. पाऊस आणणारा हत्ती दान केला म्हणून हद्दपार झालेला हा राजपुत्र एकाच भिंतीवर अनेकदा दिसतो: महालात, रथात बसून बाजारातून जाताना, पुढे वनात. प्रसंगांच्या मधे रेघ मारलेली नाही. पाचव्या शतकातल्या त्या चित्रकारांनी खांब, दारं, झाडं यांनी प्रसंग वेगळे केले. चित्रपटात चित्र सरकतं आणि आपण बसलेले असतो. इथे चित्र स्थिर आणि सरकायचं आपण. नजर कुठून कुठे नेली जाते ते मात्र दोन्हीकडे कलावंतच ठरवतो.

तेव्हा या सुटीत मुलांना घेऊन तिथे जा. आधी गोष्ट सांगू नका. तोच माणूस पुन्हा कुठे दिसतो, हे त्यांनाच शोधू द्या. घरी आल्यावर कोणत्याही चित्रपटातला पाच मिनिटांचा तुकडा आधी नुसता ऐका, मग आवाजाशिवाय बघा. लेण्यांकडे जायला फर्दापूरजवळच्या टी-पॉइंटवरून बस मिळते. सोमवारी लेणी बंद असतात, तेवढा वार सोडून निघा.