डबीतील पदके
(वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या ज्ञातीतील पुष्कळ घरांत माळ्यावर अथवा देवघराच्या फळीवर पत्र्याची एखादी डबी असते. तीत मळलेल्या फितींना अडकविलेली काही पदके असतात. ‘आजोबांचे बिल्ले’ एवढीच त्यांची ओळख उरलेली असते. आमच्या घरीही अशी डबी होती. ती उघडून पदके चौकटीत लावावयाची असे आम्ही ठरविले. हे काम दोन दिवसांचे, असा आमचा समज होता. त्यास सहा महिने लागले, आणि त्यात आम्हांस जे शिकावयास मिळाले तेच आज आपणांपुढे ठेवीत आहो.

आमचे आजोबा पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होते. ही पलटण मार्च १९४१ मध्ये एरिट्रियातील केरेनच्या डोंगरांत लढली आणि पुढे इटलीत गेली. कोकणचे सुपुत्र नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी इटलीत याच पलटणीतून लढताना देह ठेवला व त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आमच्या आजोबांच्या वाट्यास असा पराक्रम आला नाही. ते लढले, १९४६ साली परत आले आणि पुन्हा नांगर धरला.

प्रथम आमच्या हातून व्हावयाची चूक सांगतो. पदके काळवंडलेली पाहून घरातील मंडळी चिंच व राख घेऊन बसली होती. सुदैवाने एका जाणत्या गृहस्थांनी हात धरला. पदक घासले की त्यावरील अक्षरे व उठाव झिजतात, आणि झिजलेले पुन्हा येत नाही. मऊ कोरड्या कापडाने धूळ टिपावी, एवढे पुरे. जुनी फीत विटली असली तरी फेकू नये. नवी लावणे भागच पडले तर जुनी पाकिटात घालून जवळ ठेवावी. पदके डिंकाने चिकटवू नयेत. फिती सुती कापडावर टाक्यांनी बसवाव्यात. चौकट उन्हासमोरील भिंतीवर लावू नये, कारण उन्हाने रेशीम विटते. आणि पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर तर मुळीच लावू नये.

आता क्रम. दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांचा क्रम ठरलेला आहे. शोभेसाठी तो बदलता येत नाही. पाहणाऱ्याच्या डाव्या हातास प्रथम १९३९-४५ चा तारा येतो. त्याच्या फितीवरील गडद निळा, तांबडा व फिकट निळा हे तीन सारखे पट्टे आरमार, भूसेना व विमानदल यांचे होत. मग वाळूच्या रंगाच्या फितीचा आफ्रिका तारा, त्यानंतर इटलीच्या निशाणाचे तांबडे, पांढरे व हिरवे रंग ल्यालेला इटली तारा, आणि शेवटी वाटोळे युद्धपदक. तारे तांबे व जस्त यांच्या मिश्रणाचे, सहा टोकांचे असतात.

आमच्या डबीत मात्र पाच पदके होती. वाटोळी युद्धपदके दोन! ‘आजोबांना ते दोनदा मिळाले’ असे आम्ही लहानपणापासून ऐकत व अभिमानाने सांगत आलो होतो. परंतु ते पदक एका माणसास दोनदा मिळत नसते. आम्ही भिंग घेऊन कडा वाचल्या. एका कडेवर इंग्रजी अक्षरांत आजोबांचा क्रमांक व नाव होते. दुसऱ्या कडेवर निराळा क्रमांक होता व निराळे नाव होते.

आमच्या वृद्ध आत्याबाईंना ते नाव सांगताच आठवण झाली. ते आमच्याच गावचे, दुसऱ्या ज्ञातीचे गृहस्थ होते. १९४४ साली ते भरती झाले; समुद्रापार जाण्याची पाळी त्यांच्यावर आली नाही. युद्धानंतर पोटासाठी मुंबईस गिरणीत निघाले तेव्हा त्यांचे घर गळत होते. ‘वैनी, परत येईन तेव्हा नेईन,’ असे म्हणून ते आपले पदक आजीच्या हाती देऊन गेले. परत येणे झाले नाही.

त्यांच्या कन्येचा शोध लालबागेत लागला. पदक तळहातावर घेऊन त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आमचे बाबा लष्करात होतो म्हणून सांगत, आणि चाळीतली माणसे हसत. दाखवायला काही नव्हते ना!” श्रोतेहो, आमच्या घरी जे पाचातील एक होते, ते त्या घरचे एकुलते एक होते. ज्या पदकाने आमची प्रौढी वाढविली, त्याच्या अभावी एका सच्च्या माणसास लबाड ठरावे लागले.

काही मंडळी विचारतील, परकीय राजाचे मुखचिन्ह असलेली पदके स्वतंत्र भारतातील घराने का मिरवावीत? प्रश्न रास्त आहे. त्या युद्धात सुमारे २५ लाख भारतीय सैनिक झाले. त्यांत कोणी परंपरेने गेले, कोणी कोरडवाहू शेतीने घालविले. आणि त्याच काळात, १९४२ साली, त्यांचेच भाऊबंद चलेजाव चळवळीत उतरले. यातील काहीही लपवू नये. म्हणून आम्ही चौकटीखाली ‘शूर’, ‘महान’ असे एकही विशेषण लिहिले नाही. नाव, गाव, पलटण, वर्षे व ठिकाणे एवढेच लिहिले. पदके राजाने दिली असतील. चालले ते पाय मात्र आजोबांचे होते.

चौकटीत आम्ही आधीच पाच जागा आखल्या होत्या. पाचवी आता रिकामी आहे, आणि ती तशीच ठेविली आहे. नातवंडे कारण विचारतात, तेव्हा ही हकीकत सांगतो.

आपणां सर्वांस एवढीच विनंती, की घरी गेल्यावर डबी उघडा, घासू नका, कडा वाचा, आणि ज्यांना आठवते अशी माणसे आहेत तोवर विचारून लिहून ठेवा. आपले जे आहे ते नीट मांडा. दुसऱ्याचे निघाले तर आधी त्याच्या दारी पोचवा. पूर्वजांचा मान राखण्याची सुरुवात तेथूनच होते.