लेसर झालेल्या डोळ्याचा मोतीबिंदू



पंचवीसएक वर्षांपूर्वी आपल्याकडे लेसरनं चष्मा घालवायची लाट आली. लग्नाचं बघायच्या आत चष्मा जावा, म्हणून आईवडील मुलींना घेऊन यायचे. ती मंडळी आता पन्नाशीत आहेत, मोतीबिंदूसाठी दवाखान्यात येऊ लागली आहेत. ‘डोळ्याचं आधी काही ऑपरेशन झालंय का?’ विचारलं, तर पुष्कळ जण ‘नाही’ म्हणतात. चष्मा गेला, तशी ती गोष्टही विसरली. पण या एका ‘नाही’पायी मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात चुकीच्या नंबरचं भिंग बसू शकतं. म्हणून आज हा विषय घेतला.

१९४९ साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरल्ड रिडली यांनी एका बाईंच्या डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. त्याची ताकद इतकी जास्त निघाली, की त्या बाईंना मोठ्या मायनस नंबरचा चष्मा लागला. आज आपण डोळ्याची लांबी आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची, म्हणजे कॉर्नियाची, गोलाई मोजतो आणि सूत्रानं नंबर काढतो. लांबीत एक मिलिमीटर चूक झाली, तर नंबर अडीच-तीन डायॉप्टरनं हुकतो. पण लांबी आजची यंत्रं लेसर झालेल्या डोळ्यातही नीट मोजतात. घोटाळा होतो तो गोलाईत.

नेहमीचं यंत्र कॉर्नियाची फक्त पुढची बाजू मोजतं, तीही मध्यावरच्या साधारण तीन मिलिमीटरच्या वर्तुळात. मागची बाजू ते अंदाजानं धरतं, कारण निसर्गतः दोन्ही बाजूंचं प्रमाण ठरलेलं असतं. मायनस नंबर घालवताना लेसरनं पुढची बाजू सपाट केलेली असते आणि मागची तशीच राहिलेली असते. प्रमाण मोडतं, अंदाज फसतो, आणि कॉर्नियाची ताकद आहे त्याहून जास्त दिसते. त्यात भर म्हणजे, भिंग डोळ्यात किती खोल बसेल हेही बरीच सूत्रं याच गोलाईवरून ताडतात, तिथंही चुकतात. दोन्ही चुका एकाच दिशेच्या. भिंग कमी ताकदीचं निवडलं जातं आणि ऑपरेशननंतर प्लस नंबर येतो. मग लांबचं धूसर आणि पेपर वाचायला घेतला तर त्याहून धूसर. मूळचा मायनस नंबर जितका मोठा, तितकी ही चूक मोठी.

लेसर प्लस नंबरसाठी झालं असेल, तर चूक उलट दिशेची. म्हणून ‘लेसर झालंय’ एवढं सांगून भागत नाही, कुठला नंबर घालवला तेही सांगायला हवं. जुनी फाईल असेल तर घेऊन या. नसेल तर कपाटात लेसरआधीचा चष्मा पडलाय का, पाहा. काच यंत्राखाली धरली की मिनिटभरात जुना नंबर कळतो. काहीच सापडलं नाही तरी घाबरू नका. बॅरेट ट्रू-के, हायगिस-एल यांसारखी सूत्रं अशाच डोळ्यांसाठी आहेत आणि जुन्या कागदांशिवायही चांगला नंबर देतात. लेसरनंतर बऱ्याच जणांचे डोळे कोरडे राहतात आणि कोरड्या डोळ्याचं माप बिघडतं. डॉक्टरांनी आधी थेंब घालून पुन्हा मोजायला बोलावलं, तर कंटाळा करू नका.

लेसरच्या आधीच्या काळात चष्मा घालवायला काही जणांच्या कॉर्नियावर ब्लेडनं चिरा दिलेल्या आहेत. त्यांचा नंबर सकाळ-संध्याकाळही बदलतो. तिथं जास्तच जपावं लागतं.

‘चष्मा लागणारच नाही’ असा शब्द देऊन अशा रुग्णांच्या गळ्यात महागडं मल्टिफोकल भिंग मारलं जातं, याची मला मनापासून चीड येते. उत्तम सूत्र वापरूनही इथला अंदाज लेसर न झालेल्या डोळ्याइतका अचूक येत नाही. हे ऑपरेशनच्या आधी, घरच्यांसमोर स्पष्ट सांगणं डॉक्टरचं कामच आहे. मी स्वतः थोडा मायनस नंबर राहील असं भिंग निवडतो. निदान जवळचं तरी दिसतं. थोडा नंबर उरला तर चष्मा आहेच, आणि फार चुकला तर भिंग बदलता येतं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असेल, तर दुसऱ्याची घाई करू नका. पहिल्याचा नंबर स्थिर होऊ द्या. तो अपेक्षेपेक्षा किती हुकला हे पाहून डॉक्टर दुसऱ्या डोळ्याचं भिंग ठरवतील.